घरचा करंट, आपल्या वहीतला हिशोब

 

आज आम्ही विजेचा हिशोब घेऊन आलो आहोत. ऐकून घाबरू नका. जिला शेकडा दोन टक्क्यांनी व्याज काढता येतं, तिला हेही येतं. यात एक गुणाकार आहे आणि एक भागाकार आहे, बस. वही-पेन जवळ घेऊन बसा, म्हणजे आकडे लिहून घेता येतील.

हा हिशोब आम्ही काही हौसेनं शिकलो नाही. मिरचीचा सिझन होता. आमच्या गटानं कर्ज काढून मिरची-हळद दळायचं दोन एचपीचं यंत्र घेतलं होतं. यंत्र ठेवलं गोठ्याशेजारच्या शेडमध्ये, आणि प्लग होता घरात. मधलं अंतर ३० मीटर. घरात पडून असलेली बारीक वायर आम्ही काढली, ती पुरली नाही म्हणून मधे एक जोड दिला आणि वरून काळी टेप गुंडाळली. चार दिवस काम छान चाललं. पाचव्या दिवशी जोडावरची टेप वितळली, धूर निघाला आणि खाली पडलेल्या रिकाम्या पोत्यांनी पेट घेतला.

एक ताई पाण्याची बादली घेऊन धावली. दुसरी जीव खाऊन ओरडली, "अगं, पाणी नको! आधी मेन बंद कर!" मेन बंद झाला, मग माती टाकून आग विझवली. नुकसान दोन पोत्यांचं झालं. पण त्या दिवशी मेन बंद व्हायच्या आधी बादली पोचली असती, तर काय झालं असतं हे आठवून आजही अंगावर काटा येतो.

आम्ही सगळ्यांनी दोष यंत्राला दिला. "मशीनच खराब दिली बापा आपल्याला!" गटातल्या एका मावशीचा मुलगा आयटीआयमध्ये वायरमनचं शिकतो. त्यानं सगळं तपासलं आणि म्हणाला, "मावशी, मशीन चांगली आहे. तुम्ही हिशोब केला नाही." आम्हाला रागच आला. पै-पैचा हिशोब ठेवणाऱ्या बायकांना हा पोरगा असं म्हणतो! शेवटी अध्यक्ष ताईंनी गटाची वही त्याच्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "बरं बाबा, शिकव मग." त्यानं शिकवलं, आम्ही ते घरोघरी करून पाहिलं, आणि तेच आज तुम्हाला सांगतो आहोत.

तलाव, तुडुम आणि पाट

आपला भंडारा-गोंदियाचा भाग तलावांचा. तेव्हा तलावावरूनच समजून घेऊ. तलाव भरलेला असला की पाण्याला जोर असतो. तुडुम उघडलं की पाणी पाटात येतं आणि बांधीपर्यंत जातं. पाट रुंद आणि साफ असेल तर पाणी भरपूर जातं. पाट अरुंद असेल, गाळ-गवत साचलेलं असेल, तर पाणी अडतं.

विजेचंही असंच समजा. तलावातल्या पाण्याचा जोर म्हणजे व्होल्ट. पाटातून वाहणारं पाणी म्हणजे करंट, तो अँपिअरमध्ये मोजतात. पाटाची अडवणूक म्हणजे रोध, तो ओहममध्ये मोजतात. आणि वाहत्या पाण्यानं जे काम होतं, म्हणजे विजेनं दिवा लागतो, पाणी तापतं, चक्की फिरते, त्या कामाचा वेग म्हणजे वॅट.

जॉर्ज सायमन ओहम नावाचे जर्मनीत गणित शिकवणारे एक मास्तर होते. जोर, वाहणं आणि अडवणूक यांचा मेळ त्यांनी १८२७ मध्ये पुस्तकात मांडला. तो असा:

व्होल्टला अँपिअरनं भागलं की ओहम मिळतात.
व्होल्टला अँपिअरनं गुणलं की वॅट मिळतात.

आपल्या घरात साधारण २३० व्होल्ट येतात. म्हणजे एक आकडा आपल्याला आधीच माहीत आहे. वस्तूच्या प्लेटवर वॅट छापलेले असतात. वॅटला २३० नं भागलं की अँपिअर निघाले.

आता पाणी तापवायची रॉड घ्या. ती १५०० वॅटची. १५०० भागिले २३०, म्हणजे साडेसहा अँपिअर. तिचा रोध किती? २३० भागिले साडेसहा, म्हणजे साधारण ३५ ओहम. १००० वॅटची इस्त्री घ्या. ती घेते ४.३५ अँपिअर, तिचा रोध साधारण ५३ ओहम. जुना पिवळा १०० वॅटचा बल्ब आठवतो ना? पेटलेला असताना तो अर्ध्या अँपिअरहूनही कमी करंट घ्यायचा, आणि त्याचा रोध होता ५०० ओहमच्या वर.

आमच्यातल्या पुष्कळ जणींना वाटत होतं की रॉड इतकी तापते म्हणजे तिचा रोध सगळ्यात जास्त असणार. हिशोब उलटा निघाला. व्होल्ट तेवढेच असतील, तर ज्या वस्तूचा रोध कमी, तिच्यातून करंट जास्त वाहतो आणि तिचे वॅटही जास्त.

आता तुमच्या घरातला साधा बोर्ड बघा. छोट्या तीन भोकांचा सॉकेट ६ अँपिअरचा असतो, मोठ्या भोकांचा १६ अँपिअरचा. रॉड एकटीच साडेसहा अँपिअर घेते. तिला छोट्या सॉकेटवर लावायचंच नाही. रॉड आणि इस्त्री एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावली तर बेरीज जवळपास ११ अँपिअर झाली. बोर्डाला भोकं चार आहेत म्हणून चार वस्तू लावायच्या नसतात. आधी अँपिअरची बेरीज करायची.

आमची वायर का जळली

आता आमच्या यंत्राचा हिशोब बघा. त्याच्या प्लेटवर लिहिलं होतं: २ एचपी, २३० व्होल्ट, १२ अँपिअर. ही प्लेट आम्ही कधी वाचलीच नव्हती.

आमची वायर होती एक एमएमची, दिव्या-पंख्याला वापरतात तसली. करंट एका तारेनं जातो आणि दुसरीनं परत येतो, म्हणून ३० मीटर अंतराला तार लागते ६० मीटर. एक एमएमच्या तांब्याच्या ६० मीटर तारेचा रोध साधारण १ ओहम असतो. तिच्यातून १२ अँपिअर गेले, म्हणजे १२ गुणिले १, असे १२ व्होल्ट वायरीतच खर्च झाले. यंत्राला २३० ऐवजी २१८ मिळाले. आणि ते १२ व्होल्ट गुणिले १२ अँपिअर, म्हणजे १४४ वॅट, नुसती वायर तापवण्यात गेले. त्याचेही पैसे बिलात आम्हीच भरत होतो.

तीच वायर अडीच एमएमची असती, तर तिचा रोध ०.४५ ओहमच्या आसपास असता. वायरीत साडेपाच व्होल्टसुद्धा गेले नसते आणि उष्णता निम्म्याहून कमी झाली असती. जाड वायर म्हणजे रुंद पाट. दुकानात वायर महाग वाटते, पण बारीक वायर रोज थोडे थोडे पैसे खाते.

खरी आग मात्र लागली जोडावर. सैल जोड म्हणजे पाटात एकाच जागी साचलेला गाळ. समजा त्या जोडाचा रोध अर्धा ओहम होता. १२ गुणिले अर्धा, म्हणजे ६ व्होल्ट. ६ गुणिले १२, म्हणजे ७२ वॅट. वायरीतले १४४ वॅट ६० मीटरवर पसरतात, पण हे ७२ वॅट चिंचोक्याएवढ्या जागेत कोंडतात. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडचं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असलं तरी धातूचा डाग वितळवतं. ७२ वॅटनं टेप वितळली यात नवल काय?

म्हणून आता आमचा नियम आहे. यंत्राची वायर अखंड, मधे जोड नाही. प्लग किंवा वायर हाताला गरम लागली की काम थांबवायचं आणि वायरमनला बोलवायचं. एक्स्टेंशनची वायर वेटोळं करून ठेवायची नाही, कारण वेटोळ्यात उष्णता बाहेर पडत नाही. आणि यंत्र रिकामं असतानाच सुरू करायचं. सुरू होताना मोटर काही क्षण नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. त्यात वर मिरची भरलेली असेल तर ती धडपडते आणि आणखी तापते.

हाच हिशोब मोठ्या प्रमाणावरही चालतो. आपल्याच जिल्ह्यात तिरोड्याजवळ ३३०० मेगावॅटचं वीज केंद्र आहे. तिथून कोराडीकडे आणि पुढे अकोल्याकडे जाणाऱ्या मोठ्या लाइनींमध्ये ७६५ किलोव्होल्ट, म्हणजे ७ लाख ६५ हजार व्होल्ट असतात. इतके कशाला? वॅट तेवढेच ठेवून व्होल्ट वाढवले की अँपिअर कमी होतात, आणि अँपिअर कमी झाले की तारा कमी तापतात. आपल्या गावच्या डीपीपर्यंतही वीज ११ हजार व्होल्टनं येते. डीपीत ती उतरवून घराघरांत सोडतात. म्हणूनच डीपीपासून लांबच्या, शेवटच्या घराला व्होल्ट कमी मिळतात. मधल्या तारेत ते खर्च होतात.

व्होल्टेज उतरलं की

उन्हाळी धानाला पाणी देताना सगळ्यांचे पंप एकदम चालतात आणि व्होल्टेज उतरतं. समजा ते १८० वर आलं. रॉडचा रोध तोच, ३५ ओहम. १८० भागिले ३५, म्हणजे ५.१ अँपिअर. त्याला १८० नं गुणलं तर सुमारे ९२० वॅट. १५०० वॅटची रॉड ९२० वर आली! पाणी तापायला दीडपटीहून जास्त वेळ लागतो, पण रॉड जळत नाही.

मोटरीचं उलटं आहे. ती बिचारी तेवढंच ओझं ओढायचं म्हणून व्होल्ट कमी झाले की अँपिअर जास्त घेते. १२ च्या जागी १५ घेतले तर उष्णता किती वाढते? १२ गुणिले १२ म्हणजे १४४, १५ गुणिले १५ म्हणजे २२५. म्हणजे आतलं कॉपर दीडपटीहून जास्त तापतं, आणि मग वाइंडिंग जळतं. त्यामुळे दिवे मिणमिणायला लागले की चक्की, कांडप बंद ठेवायचं. गिऱ्हाईक तासभर थांबेल, पण जळालेली मोटर भरायला हजारो रुपये लागतात. तीन फेजच्या पंपाचा गुणाकार थोडा वेगळा असतो, पण व्होल्ट उतरले की मोटर तापते हे तिथेही खरं.

बिल आणि मीटरची लुकलुक

१००० वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट पडतं. रॉड रोज अर्धा तास लावली तर पाऊण युनिट, महिन्याला साडेबावीस युनिट. ९ वॅटचा एलईडी बल्ब रोज ५ तास लावला तरी महिन्याला दीड युनिटसुद्धा होत नाही. आपल्या घरगुती बिलात १०० युनिटच्या पुढे दर वाढतो. म्हणून बिल वाढलं की आधी दिव्यांकडे पाहू नका, तापणाऱ्या वस्तूंकडे पाहा.

प्लेट पुसली गेली असेल तर? मीटरवर लाल दिवा लुकलुकतो ना, तो मोजा. मीटरवर एका युनिटला किती लुकलुकी, तो आकडा छापलेला असतो. आमच्या मीटरवर ३२०० आहे. तुमच्याकडे वेगळा असेल, तो बघून घ्या. घरातलं बाकी सगळं बंद करायचं, एकच वस्तू चालू ठेवायची आणि मिनिटभर मोजायचं. लुकलुकीला ६० नं गुणलं की तासाच्या झाल्या, त्याला ३२०० नं भागलं की तासाचे युनिट मिळाले. रॉड लावल्यावर मिनिटाला ८० झाल्या. ८० गुणिले ६० म्हणजे ४८००, भागिले ३२००, म्हणजे दीड युनिट. १५०० वॅट बरोबर निघाले!

यंत्राच्या अर्ध्या मिनिटात ५६ झाल्या, म्हणजे मिनिटाला ११२, म्हणजे तासाला २.१ युनिट. इथे आम्ही अडकलो, कारण २३० गुणिले १२ केलं तर २७६० येतात. मग त्या पोरानं सांगितलं की तापणाऱ्या वस्तूंचा गुणाकार तंतोतंत जुळतो, पण मोटर थोडा करंट घेते आणि काम न करताच परत पाठवते. घरगुती मीटर युनिटमध्ये खऱ्या कामाचेच वॅट धरतो. वायरीतून मात्र पूर्ण १२ अँपिअर जातात. म्हणून बिलासाठी मीटर बघायचा आणि वायर-प्लगसाठी प्लेटवरचे अँपिअर बघायचे.

याचा फायदा गटाला झाला. समजा युनिट १० रुपयांना पडतं आणि तासात २० किलो मिरची निघते. मग विजेचा खर्च तासाला २१ रुपये, किलोला एक रुपयाहून थोडा जास्त. दळणाचा भाव आता आम्ही अंदाजानं सांगत नाही. तुम्ही आपल्या बिलावरचा दर आणि आपल्या यंत्राची लुकलुक घालून हाच हिशोब करा.

बादलीवाली ताई

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या अंगालाही रोध असतो. कोरड्या कातडीचा तो बराच जास्त असतो, पण ओल्या हातापायांनी तो १००० ओहमच्या आसपास उतरू शकतो. करा भागाकार. २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ अँपिअर. आकडा छोटा दिसतो. पण माणसाचं काळीज बंद पाडायला त्याहून कितीतरी कमी करंट पुरतो. आपल्या ९ वॅटच्या बल्बमधून जातो सुमारे ०.०४ अँपिअर, आणि तेवढाही छातीतून गेला तर जिवावर बेतू शकतं.

"पण आमच्याकडे एमसीबी आहे ना," असं आम्हीही म्हणत होतो. १६ अँपिअरचा एमसीबी १६ च्या वर करंट गेला तरच पडतो. अंगातून ०.२३ गेला तर त्याला कळतही नाही. फ्यूज आणि एमसीबी वायरीला वाचवतात, माणसाला नाही. माणसासाठी वेगळी वस्तू मिळते, आरसीसीबी, काही जण तिला ईएलसीबी म्हणतात. ती ३० मिलिअँपिअरची, म्हणजे ०.०३ अँपिअरची मागा. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यात तेवढा फरक पडला, की ती क्षणात वीज तोडते. आणि अर्थिंग चांगलं ठेवा. अर्थिंगचा रोध ५ ओहम असेल, तर यंत्राच्या पत्र्यात उतरलेला करंट त्या वाटेनं ४६ अँपिअरनं जातो आणि एमसीबी पडतो. तो धोका तुमच्या हाताला भेटायच्या आधीच संपतो. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायला विसरू नका. कोरड्या मातीचा रोध वाढतो.

हाच भागाकार शेताच्या कुंपणालाही लावा. रानडुकरं धान उद्ध्वस्त करतात, ते दुःख आम्हालाही माहीत आहे. पण तारेत घरचा करंट सोडणं म्हणजे ओल्या बांधीत अनवाणी चालणाऱ्या कोणाच्याही अंगात २३० व्होल्ट सोडणं. तो गुन्हा तर आहेच. पण पहाटे त्या बांधावरून जाणारी बाई आपल्याच गटातली असू शकते. आपल्या नागझिऱ्यातून उमरेड-कऱ्हांडल्याला गेलेला 'जय' वाघ सगळ्यांना आठवत असेल. त्याचा बछडा श्रीनिवास २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडकडे शेताच्या अशाच तारेला चिकटून मेला. कुंपण करायचंच असेल तर बॅटरीवर किंवा सौरऊर्जेवर चालणारं, मान्यता असलेलं झटका यंत्र घ्या. त्यात व्होल्ट हजारोंनी असतात, पण झटका क्षणाच्याही छोट्या भागापुरता असतो आणि मग थांबतो. जनावर घाबरून पळतं, मरत नाही. घरच्या लाइनचा करंट थांबत नाही.

आमची ती बादलीवाली ताई आता गटात हाच भाग शिकवते. कोणाला करंट लागला तर आधी मेन बंद. मेन सापडला नाही तर कोरड्या लाकडानं माणसाला बाजूला करायचं, हातानं ओढायचं नाही. विजेच्या आगीवर पाणी टाकायचं नाही. आणि लाइनची तार तुटून पडली असेल तर जवळच जायचं नाही, लांबून महावितरणला कळवायचं.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं घरातल्या तीन वस्तूंच्या प्लेटवरचे आकडे लिहून आणा. त्यात एक तापणारी वस्तू, एक फिरणारी आणि एक दिवा असू द्या. वहीत चार रकाने करा: व्होल्ट, अँपिअर, वॅट, ओहम. फिरणाऱ्या वस्तूचा आणि एलईडी दिव्याचा ओहमचा रकाना रिकामा ठेवा, तिथे हा साधा भागाकार चालत नाही. बाकीचे सगळ्या मिळून भरा. ज्या घरी वायर गरम लागते, त्या घराचं नाव वहीत सगळ्यात वर लिहा आणि बचतीच्या पैशातून पहिली वायर तिथली बदला.

आम्ही तसंच केलं. आमच्या यादीत पहिलं नाव अध्यक्ष ताईंचंच निघालं.